साडेसहा हजारांचा डोळा

दिवाळीच्या आधीची आवराआवर म्हणजे आमच्या घरातला दरवर्षीचा एक छोटासा भूकंपच. माळ्यावरचं सारं सामान खाली येतं, अर्ध्याअधिक वस्तूंकडे पाहून 'अरेच्चा, हे अजून आहे?' असा सूर निघतो आणि संध्याकाळपर्यंत त्यातल्या बहुतेक वस्तू पुन्हा गुपचूप वर जाऊन बसतात. गेल्या दिवाळीत या भूकंपात एक काळी, चेन लावलेली छोटी पिशवी बाहेर पडली. मी ती बाजूला टाकणार, एवढ्यात सुट्टीसाठी पुण्याहून आलेली आमची कन्या ओरडली, ''बाबा, थांबा! तो आपला जुना कॅमेरा ना? चालतो का हो तो?''

तिच्या आवाजातला आनंद पाहून मी चक्रावलोच. ज्या वस्तूकडे दहा-बारा वर्षांत घरातल्या कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, तिच्यावर ही पोरगी अशी झडप घालत होती, जणू आजीच्या पाटल्या सापडल्या! मग कळलं, की तिच्या कॉलेजातली मुलं-मुली हल्ली असे जुने, स्वस्तातले डिजिटल कॅमेरे शोधत फिरतात. कुणाच्या मामाकडून, कुणाच्या आत्याच्या कपाटातून, नाहीच तर जुन्या बाजारातून. खिशात उत्तम कॅमेऱ्याचा फोन असताना! मी विचारलं, ''का गं?'' ती म्हणाली, ''फोनमधले फोटो फार शहाणे असतात, बाबा. यातले खरे वाटतात.''

हे वाक्य माझ्या मनात रुतून बसलं. फोटो शहाणा असतो म्हणजे काय, आणि खरा वाटतो म्हणजे तरी काय?

आमच्या लहानपणी फोटो ही सणावाराची गोष्ट होती. काकांकडे 'आगफा क्लिक थ्री' होता, बडोद्यात तयार होणारा. त्याच्या रोलवर बारा फोटो निघत. बारा म्हणजे बारा! मुंज, बारसं, पाहुणे आणि सहल अशी त्या बाराची आधीच वाटणी झालेली असे. पुढं छत्तीसचा रोल आला. पण फोटो ही जपून खर्चायची चीज आहे, ही मनातली भीती काही गेली नाही. नोकरीला लागल्यावर मी कॅमेरा घेतला खरा. पण रोल, त्याची धुलाई आणि छत्तीस प्रिंट यांचा हिशेब दोन-अडीचशेवर जाई. महिनाअखेरीला दोन-अडीचशे रुपये म्हणजे थट्टा नव्हती. मग रोल संपायची वाट पाहत कॅमेरा महिनोन् महिने कपाटात पडून राही. गणपतीत सुरू केलेला रोल संक्रांतीला धुवायला जाई आणि स्टुडिओतून पाकीट आणल्यावर आम्ही सारे त्यावर तुटून पडत असू. त्यातही आठ-दहा फोटो हललेले, दोन-चार अंधारलेले आणि एखादा चुकून काढलेला चपलांचा!

या पार्श्वभूमीवर २००७ च्या दसऱ्याला, सोन्याची गोष्ट न काढता, मी साडेसहा हजार रुपये मोजून डिजिटल कॅमेरा घरी आणला. सात मेगापिक्सेल, चारपट झूम, पाठीला छोटासा पडदा आणि पोटात दोन पेन्सिल सेल. दुकानातला सर्वांत स्वस्त नव्हे, पण खालून दुसरा. सोबत एक सोळा एमबीचं कार्ड फुकट होतं. दुकानदारानंच हसत सांगितलं, ''साहेब, यात चार-पाच फोटो बसतील. एक जीबीचं वेगळं घ्या.'' तेही घेतलं.

आई चष्मा सावरत बराच वेळ त्या डबीकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, ''रोल कुठं घालायचा रे?''

''रोल नसतोच, आई.''

''मग फोटो राहतो कशावर?''

या साध्या प्रश्नाचं नीट उत्तर त्या दिवशी मला देता आलं नव्हतं. ते आता देतो.

या कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सिलिकॉनचा एक चिमुकला तुकडा असतो. करंगळीच्या नखापेक्षाही लहान, जेमतेम सहा मिलिमीटर रुंद आणि सव्वाचार मिलिमीटर उंच. त्यावर लाखो सूक्ष्म घरं असतात. ज्या घरावर जितका उजेड पडेल तितका विद्युतभार तिथं साठतो. पाऊस मोजायला अंगणात वाट्या मांडाव्यात, आणि कुठल्या वाटीत किती पाणी साचलं ते एकेक करून मोजून वहीत लिहावं, तसंच हे. ती वही म्हणजे कार्ड. हा तुकडा, ज्याला सीसीडी म्हणतात, त्याची कल्पना १९६९ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ या दोघांना सुचली. पुढं १९७५ साली कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या पंचविशीतल्या अभियंत्यानं असा तुकडा वापरून पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साधारण साडेतीन किलो! चित्र कृष्णधवल, अवघ्या दहा हजार ठिपक्यांचं, आणि ते कॅसेटच्या फितीवर उतरायला २३ सेकंद लागत. गंमत म्हणजे फिल्मवर जगणाऱ्या कंपनीतच फिल्मचा काळ जन्माला आला. त्या कोडॅकला जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीपासून संरक्षण मागण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली.

असो. आमचा कॅमेरा साडेसहा हजारांचा असल्यामुळं त्याच्या खोडीही तेवढ्याच किमतीच्या होत्या. पहिली खोडी म्हणजे बटण दाबल्यावर फोटो निघायला लागणारा उशीर. मुलगी केकवरची मेणबत्ती विझवायची, मी बटण दाबायचो आणि फोटोत नुसता धूर यायचा! कारण असं, की बटण दाबलं की आतलं भिंग पुढं-मागं सरकून 'कडा कुठं सर्वांत स्पष्ट दिसतात?' याचा शोध घेतं आणि मगच फोटो काढतं. त्यावरचा उपाय मला सहा महिन्यांनी कळला. बटण आधी अर्धंच दाबून धरायचं. भिंगाची शोधाशोध तेव्हाच उरकते. मग नेमक्या क्षणी उरलेलं अर्धं दाबायचं. 'अर्धं दाबून वाट पाहणं' ही त्या कॅमेऱ्यानं मला लावलेली सर्वांत चांगली सवय. फोटोच्या आधी माणसाकडे पाहणं त्यात आपोआप आलं.

दुसरी खोडी फ्लॅशची. त्याचा उजेड जेमतेम तीन मीटरपर्यंत पोहोचायचा, आणि उजेडाचा हिशेब असा कडक, की अंतर दुप्पट झालं की तो पाव होतो. त्यामुळं लग्नाच्या हॉलमध्ये पुढच्या रांगेतल्या मंडळींची डोकी पांढरीफटक आणि नवरा-नवरी काळोखात! बरं, जवळून काढावा तर सगळ्यांचे डोळे लाल. फ्लॅश भिंगाला अगदी चिकटून असला, की त्याचा उजेड डोळ्याच्या आत, रक्तवाहिन्यांनी भरलेल्या पडद्यावर आपटून सरळ भिंगात परत येतो. आमच्या एका भाच्याच्या मुंजीच्या फोटोंत भटजींसकट सगळे असे दिसतात, की जणू जागरण-गोंधळ आटोपूनच आलेत.

तिसरी गोष्ट मेगापिक्सेलची. त्या काळी दुकानांत हाच आकडा पुढं केला जाई. आज हिशेब सांगतो, म्हणजे त्या आकड्याची दहशत राहणार नाही. नेहमीच्या चार बाय सहा इंची प्रिंटला सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. आठ बाय दहाचा फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायचा असेल, तर सात. म्हणजे आमच्या घराला लागेल ते सगळं त्या डबीत होतं.

आणि खोडी नव्हे, पण एक गुण असा होता, की जो आम्हाला तेव्हा दोषच वाटायचा. आतला तुकडा इतका लहान असल्यामुळं या कॅमेऱ्यात जवळचं, लांबचं, सारंच स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्यात चेहरा तेवढा ठसठशीत आणि मागचं सगळं धुरकट, मखमली दिसतं. आमच्या कॅमेऱ्यात चेहऱ्याइतकंच स्पष्ट मागचं फडताळ, दोरीवरचा टॉवेल, टेबलावरची औषधांची पिशवी. मी वैतागून म्हणायचो, ''जरा तो टॉवेल काढा गं!'' हल्लीचे फोन मागचं सगळं हिशेबानं पुसून देतात, चेहऱ्यावरच्या सुरकुत्याही हलक्या करतात. मुलगी 'शहाणे' म्हणते ते हेच.

कॅमेरा आला आणि आमच्या घरात फोटोंचा पूर आला. रोलची भीती गेली, तशी जपणूकही गेली. रंकाळ्याच्या एका चकरेत दीडशे फोटो! कार्ड भरलं की ते संगणकात ओतायचं, कार्ड पुसायचं आणि पुन्हा मोकळं. आई मात्र म्हणत राहायची, ''ते पेटीतले फोटो मला दाखवायला तू घरी असायला लागतोस. हातात धरता येईल असा एखादा दे की.'' मग वर्षातून एकदा मी तिच्यासाठी दहा-बारा प्रिंट काढून आणायचो. ते ती गीतेच्या पुस्तकाशेजारी पाकिटात ठेवायची.

२०१३ च्या उन्हाळ्यात एका दुपारी तो संगणक टक-टक असा आवाज करत बंद पडला. दुरुस्तीवाल्यानं हार्ड डिस्क कानाला लावली आणि डॉक्टरांनी मान हलवावी तशी हलवली. सहा वर्षांचे फोटो गेले. मुलीची शाळेतली पहिली सहा वर्षं, वडिलांची पंच्याहत्तरी, जुनं घर पाडण्यापूर्वी काढलेली त्याची एकेक खोली. दुसरी प्रत कुठंच नव्हती. 'करू कधीतरी' म्हणून राहिलेली. वाचली ती फक्त आईच्या पाकिटातली साठेक चित्रं, कारण ती कागदावर होती. आईनं तेव्हा मला एका शब्दानंही टोचलं नाही. तेच जास्त टोचलं.

तोवर हातात फोन आले होते. ज्या २००७ साली मी कॅमेरा घेतला, त्याच वर्षी अमेरिकेत ॲपलचा पहिला आयफोन बाजारात आला होता. माझ्या डबीचं भविष्य तेव्हाच लिहिलं गेलं होतं म्हणायचं. २०१० साली जगभरात सुमारे बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले, असं जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेची आकडेवारी सांगते. २०२३ साली तो आकडा ऐंशी लाखांच्याही खाली आला, आणि त्यातले न बदलणाऱ्या भिंगाचे, म्हणजे आमच्या जातीचे, वीस लाखही नव्हते. आमचीही डबी माळ्यावर गेली. २०१५ साली आई गेली.

आता पुन्हा त्या काळ्या पिशवीकडे वळू. मुलीनं चेन उघडली. मला धास्ती होती, की आतले सेल फुटून, त्यांचा क्षार पसरून कॅमेऱ्याची वाट लागली असणार. पण सेल आत नव्हतेच. ते कागदात गुंडाळून, रबर लावून वेगळे ठेवलेले होते. मी मटकन खालीच बसलो. कारण बॅटरी असो, ट्रान्झिस्टर असो, वापर झाला की सेल काढून ठेवायचे, ही आमच्या आईची शिस्त. कॅमेरा माळ्यावर तिनंच ठेवला होता तर!

नवे सेल घातले. बटण दाबताच भिंग कुरकुरत बाहेर आलं आणि पडद्यानं तारीख विचारली. तोही जुनाच अनुभव. आई सेल काढून ठेवायची आणि चार दिवसांत कॅमेरा आपलं घड्याळ विसरून २००७ च्या १ जानेवारीला जाऊन बसायचा. एक जीबीचं कार्ड आत होतं, पण रिकामं. संगणकात ओतून पुसलेलं. मुलगी हिरमुसली. मग तिनं पिशवीचा चोरकप्पा चाचपला, आणि त्यातून निघालं ते फुकट मिळालेलं सोळा एमबीचं कार्ड.

त्यात एकवीस फोटो होते.

हळूहळू मला आठवलं. मोठं कार्ड मी प्रिंट काढायला स्टुडिओत दिलं होतं आणि तात्पुरतं हे छोटं आत घातलं होतं. त्यात थोडे तरी फोटो मावावेत म्हणून फोटोचा आकार सर्वांत लहान करून ठेवला होता, ६४० बाय ४८०. म्हणजे जेमतेम तीन लाख ठिपके! सात मेगापिक्सेलचे पैसे मोजून पाव-अर्ध्या मेगापिक्सेलचे हे फोटो. आणि ते मी काढलेच नव्हते. ते आईनं काढलेले होते.

तुळशीवृंदावन. दारातली रांगोळी. भाजीवालीची पाटी आणि तिच्यामागून ओढणीआड हसणारी तिची मुलगी. आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेऊन झोपलेले वडील, एकाच जागेवरून तीनदा. आणि शेवटच्या पाचांतला एक असा: मी जमिनीवर मांडी घालून मटार सोलतोय, चार वर्षांची कन्या माझ्या मांडीवर बसून दाणे पळवतेय, आणि मी ते न पाहिल्याचं सोंग करतोय.

फोटो वाकडा आहे. डाव्या कोपऱ्यात एक मोठा गुलाबी डाग आहे, तो म्हणजे आईचं बोट. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा विश्वास नव्हता. जुन्या सवयीनं ती वरच्या छोट्या खिडकीला डोळा लावायची. ती खिडकी भिंगातून पाहत नाही, भिंगाच्या शेजारून पाहते. त्यामुळं भिंगावर आलेलं बोट तिला दिसलंच नसणार.

कॅमेरा या फोटोची तारीख १ जानेवारी २००७ सांगत होता. मुलगी म्हणाली, ''खोटं. तेव्हा कॅमेरा घरातही नव्हता.'' मग आम्ही फोटो मोठा करून पाहिला. मागं भिंतीवर कालनिर्णय होतं, स्पष्ट! डिसेंबर २००९. त्यावर दुधाच्या खुणा, वीस तारखेपर्यंत. वीस तारीख म्हणजे रविवार. म्हणूनच मी घरी. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं होतं, पण ज्या गुणाला मी दोष म्हणत होतो, त्यानंच तारीख सांगितली. मागचं पुसून टाकणाऱ्या शहाण्या कॅमेऱ्यानं ते कॅलेंडर राखलं असतं का? त्याच महिन्यात, १० तारखेला, बॉयल आणि स्मिथ यांना सीसीडीसाठी स्टॉकहोममध्ये नोबेल दिलं गेलं होतं. दहाच दिवसांनी आमच्या स्वयंपाकघरात आईनं त्या शोधाचा जो उपयोग केला, तो मला त्या पुरस्काराइतकाच थोर वाटतो.

आणखी एक गोष्ट त्या रात्री लक्षात आली. आईच्या पाकिटातल्या साठ फोटोंत मी एकातही नाही. कसा असणार? कॅमेरा माझ्याच हातात असायचा. बहुतेक घरांत असंच असतं. जो फोटो काढतो, तो घराच्या आठवणीतून गळतो. त्या सहा वर्षांतला माझा हा एकमेव फोटो, आणि तो काढणारी त्यात बोटापुरती आहे.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी पिशवी असेल. असेल तर या रविवारी खाली काढा. सेल आत राहिले असतील तर आधी ते काढा. क्षार पसरला असेल तर ती जागा कोरड्या कापडानं हळूच पुसा. कार्ड कॅमेऱ्यातच ठेवून 'पुसायचं का?' या प्रश्नाला चुकूनही 'हो' म्हणू नका. कार्डात चित्र विद्युतभाराच्या रूपात असतं आणि तो भार वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत असतो, म्हणून 'करू कधीतरी' नको. लगेच दुसरीकडे उतरवा. एकाच जागी नको, निदान दोन जागी. कोकणात, मुंबईत किंवा आमच्याकडच्या नदीकाठी राहत असाल, तर दमटपणामुळं भिंगावर बुरशी धरते. औषधांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या डब्यात ठेवा. मुलांना जुना कॅमेरा विकत घ्यायचाच असेल, तर भिंग नीट आत-बाहेर होतं का, सेलचं झाकण बसतं का आणि बाजारात मिळणारं कार्ड त्याला चालतं का, एवढं पाहा. त्या काळातल्या कित्येक कॅमेऱ्यांना दोन जीबीच्या पुढचं कार्ड समजतच नाही. आणि निवडक का होईना, कागदावर उतरवा. हे आईचं म्हणणं आहे, मला ते पटायला सहा वर्षांचे फोटो जावे लागले.

भाऊबीजेनंतर कन्या पुण्याला निघाली तेव्हा कॅमेरा तिच्या पिशवीत होता. तिला एकच बजावलं, ''वापरून झाला की सेल काढून ठेव.'' ती म्हणाली, ''माहीत आहे हो, आजीचा नियम.''

तिला गाडीत बसवून येताना मी स्टुडिओत गेलो. पूर्वी रोल धुऊन देणारा तो स्टुडिओ आता पासपोर्टचे फोटो आणि झेरॉक्सवर चालतो. एकवीसच्या एकवीस प्रिंट सांगितल्या. मालक संगणकावर एकेक फोटो पुढं सरकवत होते. मटारच्या फोटोपाशी थांबून ते म्हणाले, ''कोपऱ्यात बोट आलंय साहेब. एवढं कापून देतो, झकास दिसेल.''

मी म्हटलं, ''नको. ते राहू द्या.''